हाकेला ओ

"हितं गं! मी हितं!"

चेंडू हाक मारत होता आणि आम्ही साऱ्याजणी मैदानात खांबासारख्या उभ्या होतो. तो कुठे पडलाय ते प्रत्येकीला कळत होतं. माझ्या उजव्या हाताला, चिंचेच्या बाजूला, फार लांब नाही. पारू तर त्याच्या अगदीच जवळ होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पण कुणी हलेना आणि कुणी ओ देईना.

"अगं, ओ द्या की कुणीतरी!" हणबर सर ओरडले. "कान काय गहाण टाकलेत?"

"हितं गं! मी हितं!" चेंडू पुन्हा म्हणाला.

तो आवाज अक्काताईचा होता. अक्काताई मगदूम, आमची अक्की. वर्गात माझ्या बाकावर बसायची आणि वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. मे महिन्याच्या सुट्टीत ती गावी गेली, काविळीनं गाठलं, आणि शाळा उघडली तेव्हा तिची खाट रिकामी होती. तिचा आवाज तेवढा शाळेच्या कपाटात राहिला होता. तो सरांनी त्या दिवशी सुट्टीनंतर पहिल्यांदाच बाहेर काढला होता.

शेवटी सरांच्या चपला फटफटत चेंडूपर्यंत गेल्या. हात लागला की तो चेंडू गप्प व्हायचा. तसा झाला.

"ऱ्हाऊ दे आज," सर म्हणाले.

आता हा चेंडू काय होता ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई भुताची गोष्ट सांगायला बसली. तशी ती थोडीशी आहेही.

माझं नाव सुनेत्रा. हसायचं असेल तर हसून घ्या. बारशाच्या दिवशी मला दिसतं असाच घरच्यांचा समज होता. पुढे खरं काय ते कळलं, पण तोवर पेढे वाटून झाले होते आणि नाव परत घेता येत नाही. मिरजेबाहेर आम्हा अंध मुलींची निवासी शाळा होती, तिथे मी लहानाची मोठी झाले. बाळकृष्ण हणबर हे आमचे खेळाचे सर. कबड्डीत गुडघा मोडून घेतलेला, पण तोंड शाबूत. आमच्या खेळांच्या तासाला शाळेत काय चालायचं? बुद्धिबळ, रस्सीखेच आणि डोळस मुलीनं हाताला धरून पळवायची शर्यत. सरांना या शर्यतीचा भारी राग.

"हाताला धरून चालवत नेतात त्याला खेळ म्हणत न्हाईत," ते म्हणायचे. "त्याला वरात म्हणतात."

त्यांचं खरंच होतं. सतरा वर्षांची घोडी झाले तरी मी आयुष्यात एकटी कधी पळाले नव्हते. पळणं म्हणजे कुणाचातरी घामट हात, आणि "सावकाश, सावकाश" असं कानाशी. सरांना असा खेळ हवा होता की ज्यात पोरगी एकटी धावेल, आपल्या मनानं धावेल, आणि कुणी तिला धरणार नाही. अशा खेळासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. अक्कीनंसुद्धा.

अडचण एकच होती. चेंडू. घुंगरू भरलेले चेंडू आमच्याकडे होते, पण घरंगळायचा थांबला की घुंगराचा चेंडू मुका होतो. मग आम्ही सगळ्या अंगणात अंडी शोधणाऱ्या बायकांसारख्या वाकून चाचपत फिरायचो. सरांना थांबल्यावरही बोलणारा चेंडू पाहिजे होता. तो कुणी विकत नव्हतं. म्हणून सरांनी बसस्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला, इकबालभाई बारगीरना, शाळेत आणून बसवलं.

इकबालभाई गोड माणूस, पण हाताला यश यायला वेळ लागायचा. पहिला चेंडू त्यांनी सायकलच्या घंटेचा केला. तो डोक्यात बसला की देव आठवायचा. दुसऱ्यात त्यांनी ट्रक मागे घेताना वाजतो तो भोंगा बसवला. तो टाकला की मैदानाच्या कडेच्या रस्त्यावरची माणसं दचकून बाजूला व्हायची आणि गावभरातली कुत्री गोळा व्हायची. एके दिवशी एका कुत्र्यानं तो चेंडूच तोंडात धरून पळवला. भोंगा वाजतोय, कुत्रं पळतंय, मागून इकबालभाई "अरे छोड, छोड" करत धावताहेत, आणि अक्की मैदानात लोळून हसतेय. "सुनी," ती मला म्हणाली, "आंधळं दळतं न् कुत्रं पीठ खातं म्हणत्यात, ते खरं हाय बघ!"

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. भोंग्याचा आवाज झाडावर आपटून दुसरीकडूनच यायचा, आम्ही भलतीकडे पळायचो. इकबालभाईंनी सूर बदलून पाहिले. शेवटी मीच कंटाळून म्हणाले, "भाई, आमाला माणसाचा आवाज द्या. माणूस कुठं हाय ते आमाला झोपेत बी कळतं."

ते इकबालभाईंच्या मनात बसलं. कुठल्याशा परदेशी बोलक्या बाहुलीच्या पोटातलं यंत्र त्यांनी मिळवलं. आपण बोललेलं एखादं वाक्य ते धरून ठेवायचं आणि तेच तेच म्हणत राहायचं. ते त्यांनी रबराच्या जाड चेंडूत बसवलं, वरून दोन पत्र्याच्या पट्ट्या फिरवल्या. पट्ट्यांना माणसाची कातडी लागली की आवाज बंद. हात सुटला की पुन्हा सुरू. म्हणजे चेंडू मोकळा असेतो हाक मारणार आणि कुणी धरला की गप्प.

आवाज कुणाचा घालायचा यावर बरीच हमरीतुमरी झाली. आमच्यात अक्कीचा गळा सगळ्यात उघडा. तिनं जिन्यात हाक मारली की स्वयंपाकघरात भांडी थरथरतात असं शेवंतामावशी म्हणायच्या. शेवंतामावशी आमच्या स्वयंपाकीण. तेव्हा ठरलं अक्कीच. सरांनी तिला शिकवलं, "चेंडू इकडे, चेंडू इकडे" असं स्वच्छ म्हणायचं. अक्की एका कोपऱ्यात पाठ करत बसली. इकबालभाईंनी बटण दाबलं आणि खोलीत अंधार होता म्हणून नुसतं विचारलं, "कुठं हाय गं बेटा तू?"

"हितं गं! मी हितं!" अक्की ओरडली. पुरुषालाही ती 'गं'च म्हणायची.

तेच आत गेलं. सरांनी कपाळावर हात मारला, तो आम्हाला ऐकू आला. पण एकदा टाकून बघू म्हणून चेंडू टाकला आणि सरांनी ते वाक्य बदलायचं नाव काढलं नाही. कारण आम्ही पळालो होतो. सगळ्या एकाच वेळी, कुणी शिकवल्याशिवाय, सरळ त्या आवाजाकडे.

आणि अर्थातच एकमेकींवर आपटलो. माझं कपाळ आणि अक्कीचा दात. मला टेंगूळ आलं, तिचा दात अर्धा गेला. सरांनी मग नियम काढला की जी चेंडूकडे जाणार तिनं आधी ओरडून सांगायचं, बाकीच्यांनी जागेवर थांबायचं. काय ओरडायचं? "मी" म्हटलं तर सगळ्याच मी. नाव घेतलं तर लांबतं.

अक्की ओठ धरून बसली होती. तशीच म्हणाली, "चेंडू हाक मारतोय न्हवं? मग हाक मारल्यावर माणूस काय म्हणतं? ओ म्हणतं."

झालं. ओ. एकीनं ओ दिली की बाकीच्या उभ्या. दोघींनी ओ दिली तर फाऊल आणि सरांची शिट्टी. मैदानाच्या दोन टोकांना पत्रे उभे केले. चेंडू आपटून समोरचा पत्रा वाजवला की गुण. हद्दीच्या रेषेला जमिनीवर सुंभाचा दोर, पायाला लागतो. सरांनी खेळाला मोठं संस्कृत नाव शोधलं होतं, पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. आम्ही त्याला हाकचेंडू म्हणायचो.

आणि मी पळाले. एकटी. ओ देऊन, हात पुढे करून, वाऱ्याला तोंड देऊन. पुढे अक्कीचा आवाज आणि मागे कुणीही नाही. पहिल्यांदा पत्रा वाजवला तेव्हा मी रडले होते, हे अक्कीनं सगळ्या वसतिगृहात सांगितलं. स्वतः रडली होती ते नाही सांगितलं.

परीक्षा संपता संपता सरांनी अपंगांच्या क्रीडा संघटनेला खेळ पाहायला बोलावलं. त्यांनी गणपती झाल्यावर येतो म्हणून कळवलं. त्यांना पटला तर खेळ इतर शाळांत जाणार होता, सामने होणार होते. नाही पटला तर पुन्हा हाताला धरून वरात. अक्की गावी जाताना म्हणाली, "चेंडू जपून ठेवा. माझा जीव हाय त्यात."

असं माणूस सहज बोलून जातं.

आता त्या पहिल्या दिवसाकडे परत येते, कुणी ओ दिली नाही तिथे. रात्रीच्या जेवणाला शेवंतामावशींनी आम्हाला भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय गं, मैदानावर कुणाला हाका चालल्या हुत्या?"

पारूनं सांगितलं. मावशींच्या हातातली भाकरी ताटात पडली नाही, हातातच राहिली.

"आणि कुणी ओ दिली?"

"न्हाई."

"बरं केलं. देऊ बी नका, बायांनो. मेलेलं माणूस हाक मारतं ते ओ घ्यायलाच मारतं. ओ दिली की संगं नेतं. आमच्याकडं हाकामारी म्हणत्यात. वळखीच्या आवाजात बोलावती. म्हणून पयल्या हाकेला ओ द्यायची नसती."

आम्हा प्रत्येकीला हे आधीच ठाऊक होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी हे सांगून गेलीच होती. म्हणूनच मैदानात सगळ्यांचे पाय रोवले गेले होते. मावशींनी ते फक्त तोंडानं बोलून दाखवलं. तुम्ही डोळस माणसं म्हणाल, काय हा अडाणीपणा, यंत्र आहे ते. पण तुमच्याजवळ गेलेल्या माणसाचा फोटो असतो. फोटो गप्प असतो. आमच्याजवळ फक्त आवाज असतो, आणि जे बोलतं ते आमच्या लेखी तिथे असतं. अक्की तिथे होती, उजव्या हाताला, चिंचेच्या बाजूला. आणि ती मेलीही होती. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते कळत नव्हतं.

सरांनी दटावलं, समजावलं, एकदा शिक्षा म्हणून उन्हात उभं केलं. एकदा पारूनं मोठ्या हिमतीनं चेंडूकडे धाव घेतली, पण ओ दिली नाही. दुसऱ्या बाजूनं दुसरी तशीच मुकाट आली. दोघींची डोकी फुटता फुटता राहिली. ओ नसेल तर तो खेळ खेळताच येत नव्हता.

आणि मग ती दुपार. जेवणं झाली होती, वसतिगृह सुस्तावलं होतं. पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. चेंडूला आत एक छोटा खटका होता, तो बंद करून सर चेंडू कपाटात ठेवायचे. त्या दिवशी खटका नीट बसला नसेल. भिंतीपलीकडच्या खोलीतून, लोखंडी कपाटाच्या आतून, दबलेला आवाज आला.

"हितं गं! मी हितं!"

कुणी उठलं नाही. कुणी झोपलंही नाही. खाटा कुरकुरायच्या थांबल्या, त्यावरून मला कळलं की सगळ्या जाग्या आहेत. आवाज थांबत नव्हता. थांबणार कसा? कुणी धरेपर्यंत थांबायचं नाही, असाच आम्ही तो बनवून घेतला होता. कपाटात कोंडलेली अक्की पुन्हा पुन्हा सांगत होती की मी इथे आहे.

मी उठले. भिंत धरून गेले. कपाट उघडलं, हात आत घातला आणि चेंडू धरला. ती गप्प झाली. मी त्याला पोटाशी घेऊन तिथेच फरशीवर बसले. ओ मात्र नाही दिली. ओठांपर्यंत आली होती. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सर इकबालभाईंना घेऊन आले.

"आवाज बदलू या," सर म्हणाले. "पारूचा भरू."

"मग अक्कीचा?" मी विचारलं.

इकबालभाई म्हणाले, "बेटा, त्यात एकच बात मावती. नवीन भरली की जुनी पुसली जाती. दुसरं यंत्र मागवलंय मी मुंबईहून, पण ते कधी येईल अल्ला जाणे."

"टेपवर घ्या की मग."

"घेतली." त्यांनी टेप लावून दाखवली. खरखर जास्त आणि अक्की कमी. ती अक्की नव्हती, अक्कीबद्दल कुणीतरी दिलेली बातमी होती. इकबालभाईंनाही ते कळत होतं. त्यांनी ती लगेच बंद केली.

"सर, पुसू नका," मी म्हणाले.

"अगं, मग काय करू?" सर एकदम उसळले. "गणपती तोंडावर आलेत. संघटनेची माणसं येणार, आणि तुम्ही त्यांच्यापुढं पुतळ्यासारख्या उभ्या ऱ्हाणार! मला काय पुसायची हौस आलीय? तिनं मला दात मोडल्यावर शिव्या घातल्यात. माझी बी होती ती."

मला खेळ पाहिजे होता. खोटं कशाला बोलू? मला पळायचं होतं. आणि पळण्यासाठी अक्कीला पुसायला लागणार होतं. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर झाले आणि सकाळी सरांना एवढंच म्हणाले, "तिच्या आईला तरी विचारा. तिला ठाऊक बी नसंल की आवाज हाय म्हणून."

सरांनी माळवाडीला, अक्कीच्या गावी, निरोप धाडला.

अक्कीची आई आली त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. मैदानावर चिखलाचा वास होता. आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या होतो, बाजूला सर आणि इकबालभाई. ती आली तेव्हा आधी मिश्रीचा वास आला, मग बांगड्यांचा आवाज, मग दोन खरबरीत हात. तिनं प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्यापाशी आल्यावर हात कपाळावरच्या दाताच्या जुन्या वणावर थांबला.

"तू सुनी," ती म्हणाली. "माझ्या अक्कीचा दात तूच पाडलास."

"व्हय, मावशी."

"सांगत हुती हसून हसून."

सरांनी बोलायला सुरुवात केली आणि ते भलतीकडेच गेले. संघटना, नियम, पत्रे, परदेशी यंत्र, तुमची परवानगी. बाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मास्तर, मला काय बी उमगलं न्हाई. माझ्या पोरीचा आवाज हाय म्हंता, तो कुठं हाय?"

सरांनी चेंडू तिच्या हातात दिला.

चेंडू गप्पच. बांगड्या किणकिणत होत्या, म्हणजे ती चेंडू फिरवून बघत असावी. हलवून बघितला. कानाला लावला असेल.

"ह्यात काय न्हाई की," ती म्हणाली. तिनं चेंडू पुन्हा हलवला. "कशापायी थट्टा करता गरिबाची?"

"न्हाई मावशी," मी पुढे झाले. "थट्टा न्हाई. हातात धरलं की ती गप्प बसती. बोलायला पायजे तर सोडायला लागतंय."

"सोडायला?"

"खाली ठेवा आणि हात काढून घ्या."

ती खाली बसली ते मला कळलं. लुगडं चिखलात टेकलं. पण आवाज येईना. ती चेंडू खाली ठेवून वरून हात धरून बसली होती. कुणी तिला घाई केली नाही. इकबालभाईंनी नाक ओढलं.

मग तिनं हात काढले.

"हितं गं! मी हितं!"

"ओ!" बाई म्हणाली.

विचार केला नाही, थांबली नाही. चुलीपुढून पोरीला ओ द्यावी तशी दिली. "ओ! आले गं बाय, आले!" आणि चेंडू उचलून उराशी धरला. अक्की गप्प झाली.

तिनं पुन्हा खाली ठेवला.

"हितं गं!"

"ओ! आले!"

असं किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही. ठेवायची, हाक यायची, ओ द्यायची, उचलायची, आणि उचलली की शांतता. जवळ घेतली की ऐकू येत नव्हती आणि ऐकायची तर जवळ घेता येत नव्हती. आम्ही तो चेंडू खेळासाठी बनवून घेतला होता. असं काही त्यात असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अखेर ती थांबली. चेंडू तिच्या हातात होता.

"पुसायचा कशापायी?" तिनं विचारलं.

सरांच्या आधी पारूच बोलली, रडत रडत. "मावशी, आमी ओ देऊ शकत न्हाई. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ दिली तर…"

"तर?"

"हाकामारी…"

"माझ्या लेकीला हाकामारी म्हंता?" बाई ताडकन उठली. मला वाटलं आता पारूच्या मुस्काटात बसणार. "अगं, ती कुणाला कशाला न्हेईल? एकटी परसाकडं जायला भीत हुती! मला दारात हुभी करायची आन् आतनं इचारायची, आई हाईस न्हवं, आई हाईस न्हवं. मी आपली ओ, ओ, ओ करत बसायची."

ती हसली असं मला क्षणभर वाटलं. तो हसण्याचा आवाज नव्हता.

"शेवटच्या दिशी मी गाडी बघायला गेल्ते," ती म्हणाली. "मिरजेला दवाखान्यात न्यायाला. गाडी कुटं गावंना, उशीर झाला. परत आले तर निजली हुती, कायमची. शेजारीण म्हणली, लई हाका मारल्या वो तुमच्या पोरीनं. मी हाय म्हणून सांगितलं तरी ऐकंना. तिला माझीच ओ पायजे हुती."

पदरानं चेंडूवरचा चिखल पुसल्याचा आवाज आला.

"ती न्यायाला हाक मारत न्हाई, पोरींनो," बाई म्हणाली. "कुणी हाय का ते बघायाला मारती. ओ दिली की गप्प ऱ्हाती. आताच बघितलं न्हवं तुमी?"

तिनं बघितलं म्हटलं, आणि आम्ही खरंच बघितलं होतं.

"मास्तर, पुसू नका. माझ्या घरी बी नको. घरात मी धरून बसंन आन् ती मुकी हुईल." तिनं नाक पुसलं. "ह्यो टाकायचा कसा?"

"कसा बी टाका, ताई," सर म्हणाले. "लांब टाका."

मला तेव्हाचं सगळं आठवतं. पुढे गणपतीनंतर संघटनेची माणसं आली, खेळ त्यांना आवडला, तीन-चार शाळांत तो गेलाही. तिथे आता दुसऱ्या आवाजाचे चेंडू आहेत, चांगले आहेत. मी टेलिफोन ऑपरेटर झाले, निवृत्त झाले, आयुष्यभर लोकांच्या हाकांना उत्तर देत बसले. इकबालभाई गेले, आणि त्या यंत्रानंही एक दिवस जीव सोडला. पण तो दिवस माझ्या कानातून जात नाही.

बांगड्या एकदम खणकल्या. तिनं अंगातलं सगळं बळ लावून चेंडू टाकला होता. हवेतच त्यानं तोंड उघडलं. अक्की आमच्या डोक्यावरून हाक मारत गेली आणि पार पलीकडे, पत्र्याच्या बाजूला पडली.

"हितं गं! मी हितं!"

"ओ!" मी ओरडले.

आणि मी एकटी नव्हते. पारूनं ओ दिली, तिच्या पलीकडची देत होती, मागून, बाजूनं, सगळ्यांनी एकाच दमात ओ दिली. सरांच्याच नियमानं तो भलामोठा फाऊल होता. शिट्टी काही वाजली नाही. आम्ही पळालो, एकमेकींवर धडकलो, पडलो, उठलो, कुणाचं कोपर कुणाच्या नाकात, आणि त्या ढिगाच्या पुढे कुठेतरी चिखलात ती हाक मारतच होती.

सगळ्यांत आधी मी पोचले. आवाज माझ्या तळहाताखाली होता, त्याची थरथर न शिवताच बोटांना लागत होती. धरला की गप्प होणार. मागे लांब, दोरापाशी, अक्कीची आई उभी होती.

मी हात तसाच वर धरून थांबले. म्हटलं, आणखी एकदा म्हणू दे.